सहीपुरते साक्षर

कापसाच्या विक्रीची पावती, सोसायटीचा कर्जरोखा, पीकविम्याचा अर्ज आणि कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना हे चार मजकूर यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती वर्षातून एकदा तरी येतात. पहिल्या तिन्हींच्या व्यवहारात त्याची सही लागते. चौथ्यावर सही लागत नाही. पण तो वाचता आला नाही तर प्रसंगी जिवावर बेतते. २०१७ साली या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. नेहमीपेक्षा उंच वाढलेले पीक, दमट उष्मा, औषधांचे मनमानी मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव, हे सारे एकत्र आले. एकट्या निरक्षरतेवर तिचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ आणि त्याभोवतीची बारीक अक्षरे ज्याला उमगत नाहीत, त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते, हे कोण नाकारील?

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के आहे. सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येते ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. व्याख्या निर्दोष आहे. परंतु प्रगणक कोणाच्या हाती कागद देऊन वाचून घेत नाही. घरच्यांनी सांगितले ते तो लिहून घेतो. ज्यांनी मुलांच्या हाती प्रत्यक्ष उतारा दिला, त्यांचे निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारे आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. गमावलेले परत मिळाले म्हणून समाधान मानावे, तर मुळात जे होते तेच तुटपुंजे होते. चार मुलांपैकी जेमतेम एक मूल वेळेवर वाचू लागते आणि उरलेली तीन पुढच्या वर्गात ढकलली जातात, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

ही मुले मंदबुद्धीची नाहीत आणि त्यांचे शिक्षक सरसकट कामचुकारही नाहीत. दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांतील एखाद्या कोलाम पोडावर जावे. तेथे सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा त्याच्या तोंडी जी भाषा असते, ती मराठीची बोली नव्हे. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातील भाषा होत. पाण्याला कोलामीत ‘ईर’ म्हणतात. घराला गोंडीत ‘रोन’ म्हणतात. पुसद, दिग्रस, उमरखेड भागातील तांड्यांवर गोरमाटी बोलतात. तेथे आईला ‘याडी’ म्हणतात. ज्या घरांत मराठीच बोलली जाते तेथेही ती वऱ्हाडी असते: ‘शेत’ हे पुस्तकात, बोलण्यात ‘वावर’, ‘मला’ हे फळ्यावर, तोंडात ‘मले’. अशा मुलापुढे ‘घ’ हे अक्षर आणि शेजारी घराचे चित्र ठेवले म्हणजे त्याला एकाच वेळी तीन गोष्टी शिकाव्या लागतात: अनोळखी आकृती, अनोळखी ध्वनी आणि अनोळखी शब्द. पुण्याच्या मुलाला यांपैकी पहिलीच शिकायची असते. दोघांना वर्ष मात्र सारखेच मिळते.

यात एक ऐतिहासिक विसंगतीही आहे. राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ १९६७ साली स्थापन झाली तेव्हा मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते. ते याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे, बंजारा समाजात जन्मलेले. ‘बालभारती’ने राज्यभर स्वस्त आणि नेटकी पुस्तके पोहोचवली, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलाला त्या पुस्तकापर्यंत नेणारा पूल बांधण्याचे काम तेव्हाही कोणाकडे नव्हते आणि आजही ते एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मर्जीवरच चालते. वास्तविक भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी, असे संविधानाचा ३५०-अ हा अनुच्छेद १९५६ पासून सांगत आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच म्हटले.

दुसरा दोष पद्धतीचा आहे. मुळाक्षरे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने घोकायची, मग बाराखडी, मग जोडाक्षरे आणि शेवटी कधीतरी वाक्य, अशी परंपरा अनेक वर्गांत अजून टिकून आहे. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे. पण व्याकरणकाराच्या सोयीचा क्रम मुलाच्या सोयीचा असेलच असे नाही. या रीतीत मूल महिनोन्‌महिने अक्षरे गिरवते आणि फळ्यावरचे पाटीवर उतरवते. उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे. जे उतरवले ते त्याला वाचून दाखवता येत नाही, कारण त्यातून काही सांगितले जात आहे हेच त्याला कळलेले नसते.

याला पर्याय महाराष्ट्रातच उभे राहिले आहेत. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेबाहेर पडलेल्या वंचित वस्तीतील मुलांना शिकवता शिकवता मोजक्या अक्षरांच्या गटांतून वाचन शिकवण्याची रीत रुजवली. अक्षरांचा एक लहान गट घ्यायचा, त्यातून लगेच ओळखीचे शब्द तयार करायचे, त्या शब्दांची वाक्ये मुलांनीच बोलायची आणि लिहायची, मग पुढच्या गटाकडे जायचे. न, म, क, ल एवढी अक्षरे आणि एक काना हाती आला की मूल ‘नाक’, ‘काम’, ‘कान’, ‘मला’ लिहू शकते. वर्णमाला संपण्याची वाट पाहावी लागत नाही. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ संस्थेने आदिवासी मुलांबरोबर याच दिशेने काम केले. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शाळा मुलांपाशी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. या प्रयोगांना प्रयोगशाळा लागल्या नाहीत. मुलाला काय येते तेथून आरंभ करणारा शिक्षक मात्र लागला.

येथे खर्चाचा प्रश्न हमखास पुढे केला जातो. तो अर्थशास्त्राच्याच कसोटीवर तपासावा. वाचू न शकणारे मूल पुढे आठवीपर्यंत शाळेत बसते. त्या वर्षांचे शिक्षकांचे वेतन, पुस्तके, गणवेश, आहार यांवर शासन खर्च करतेच. परंतु इतिहास, विज्ञान, गणित हे सारे छापील मजकुरातून शिकायचे असल्याने त्या खर्चातून मुलाच्या पदरी फार थोडे पडते. पहिल्या दोन वर्षांत थोडी अधिक गुंतवणूक केल्यास पुढील सहा वर्षांचा खर्च सार्थकी लागतो. यापेक्षा लाभदायक गुंतवणूक जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात शोधून सापडणार नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता: रयतेच्या श्रमातून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा आणि त्याला चांगला पगार मिळावा, अशी त्यांची मागणी होती. तीतला ‘आपल्यातला शिक्षक’ हा आग्रह पोडाला आणि तांड्याला आजही जसाच्या तसा लागू आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो अधिक गंभीर आहे. घरची भाषा शाळेत आणली तर मुले मराठीत आणि इंग्रजीत मागे पडतील, अशी भीती त्यांना वाटते. ज्यांची भाषा आजवर हेटाळणीचाच विषय झाली, त्यांची ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु कोणी मुलाला कोलामीत अडकवून ठेवा असे म्हणत नाही. ऐकणे-बोलणे घरच्या भाषेत सुरू व्हावे, मराठीचे बोलणे जोडीने वाढावे आणि अक्षरे ओळखीच्या शब्दांवर स्वार होऊन यावीत, एवढेच अपेक्षित आहे. वाचणे ही क्रिया मूल एकदाच शिकते. एका भाषेत साधली की ती दुसरीत नेता येते.

जिल्हा परिषदेला हे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली-दुसरीचे वर्ग सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावेत आणि दोन वर्षे त्याची बदली करू नये. पोडावरची किंवा तांड्यावरची शिकलेली मुलगी मानधनावर सहायक म्हणून नेमावी. कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले गावात राहतील अशी हंगामी वसतिगृहाची सोय दिवाळीपूर्वीच व्हावी, कामगार गेल्यावर नव्हे. आणि दर सहा महिन्यांनी शाळा व्यवस्थापन समितीसमोर प्रत्येक मुलाने चार ओळींचा अनोळखी मजकूर वाचून दाखवावा. अहवालातील टक्केवारीपेक्षा हे चार ओळींचे वाचन गावाला अधिक कळेल.

२०१९ च्या कायदादुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. पाचवीत नापास होणारे मूल बहुधा पहिलीतच मागे पडलेले असते. शिक्षा मात्र त्याला होते, व्यवस्थेला नाही. विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडतात त्याच सुमारास पेरण्यांची घाई असते. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकरी उसनवारी करून दुबार पेरणी करतो. पहिलीच्या वर्षाची दुबार पेरणी आपल्या शाळांत क्वचितच होते. म्हणून निदान पहिली पेरणी तरी वेळेवर आणि चांगल्या बियाण्याने व्हावी, एवढी अपेक्षा या जिल्ह्याने आपल्या जिल्हा परिषदेकडून करणे गैर नाही.