सोळा इंची बायोडाटा

पर्सनल ट्रेनरच्या पहिल्या नोकरीसाठी मुले जो बायोडाटा पाठवतात, त्यात त्यांचे स्वतःचे शरीर ठासून भरलेले असते. वर आरशासमोर काढलेला बिनशर्टाचा फोटो. खाली उंची, वजन, दंड सोळा इंच, बेंच शंभर किलो, ‘जिल्हा श्री’त तिसरा. मग झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरच्या तयार साच्यातून आलेले ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याचे’ ध्येय, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद : संगीत ऐकणे, आणि शेवटी, वरील सर्व माहिती खरी असल्याची शपथ. खरी असेलही. पण ज्याच्या पैशावर जिम चालते, त्या गिऱ्हाइकाचा या पानात कुठे पत्ता नसतो.

आणि गिऱ्हाईक असते कोण? सकाळी सहाच्या बॅचला येणारे बँकेतले पन्नाशीचे गृहस्थ, बीपीची गोळी चालू असलेले. बाळंतपणानंतर कंबर धरून बसलेली बाई. गुडघा कुरकुरतो म्हणून डॉक्टरांनी पिटाळलेल्या काकू. ट्रेनरच्या दंडाचा घेर यांच्या काय कामाचा? आपला गुडघा याच्या हाती सुखरूप राहील ना, एवढेच त्यांना पाहायचे असते.

आपल्याकडे डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. दुसऱ्याच्या पाठीवर वजन चढवायला मात्र काहीच लागत नाही. त्यामुळे तो एक कागद हीच काय ती चाळणी. निदान त्यावर ‘सर्टिफाइड ट्रेनर’ असे मोघम लिहू नये. प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचे, कुठल्या साली मिळाले, मुदत कधीपर्यंत, हे एका ओळीत मावते. एसीई किंवा एनएएसएम या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रांचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण असते. रविवारच्या सेमिनारमध्ये चहाबरोबर वाटलेला कागद त्यांच्या रांगेत बसवला की जाणता माणूस तिथेच वाचन थांबवतो. सीपीआरचे कार्ड असेल तर ते वरच असावे. तेही सहसा दोनच वर्षे चालते आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतो : छाती मिनिटाला किती वेळा दाबायची? १०० ते १२०, निदान ५ सेंटिमीटर खोल. कार्डाची तारीख लिहिणाऱ्याला हे येत नसेल तर कार्ड न लिहिलेलेच बरे.

‘अनुभव’ या रकान्यात नवी मुले ‘फ्रेशर’ लिहून मोकळी होतात. इथे आमचा खरा आक्षेप आहे. ज्याने गावच्या तालमीत पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्या, मल्लखांबावर लहानग्यांना धरून चढवले, पोलीस भरतीच्या मुलांना पहाटे मैदानावर पळवले, तो अनुभवशून्य कसा? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला मुलगाही ते तळाशी, ओशाळल्यासारखे लिहितो आणि वर बेंच प्रेसचा आकडा मिरवतो. त्यापेक्षा असे लिहावे : ‘भरतीच्या चार मुलांची १६०० मीटरची तयारी तीन महिने घेतली. एकाची नडगी दुखू लागली तेव्हा त्याचे धावणे थांबवून डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी परवानगी दिल्यावर थोडे थोडे करत पुन्हा सुरू केले.’ या दोन वाक्यांत मुलाने कोणाला शिकवले, काय पाहिले आणि कुठे थांबला, सगळे आले. यातले थांबणे सर्वांत मोलाचे. अर्थात, घडले असेल तरच लिहावे. दुसऱ्याच्या क्लायंटचे ‘आधी आणि नंतर’ फोटो उचलून लावणारे महाभाग कमी नाहीत.

ज्ञान दाखवायचे तर तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने दाखवता येते. ‘नव्या सभासदाकडून पार-क्यू प्रश्नावली भरून घेतो’ ही ओळ छातीत दुखते का, चक्कर येते का, औषधे कुठली, हे याला आधी विचारावेसे वाटते एवढे सांगून जाते. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके श्रम वाढले तरी फारसे चढत नाहीत. घड्याळातल्या आकड्यावर विसंबणारा ट्रेनर त्याला आणखी पळवतो. अशा माणसाला ‘किती दम लागला?’ असे विचारत बोर्गच्या ६ ते २० या श्रममापन पट्टीवर काम करावे लागते. हे ज्याला ठाऊक आहे त्याचा दंड बारा इंची असला तरी आमच्या घरची माणसे आम्ही त्याच्या स्वाधीन करू.

मुलांना दोष देऊन भागत नाही. मालकच पहिला प्रश्न ‘बॉडी दाखव’ असा करतात आणि दुसरा, ‘महिन्याला पीटी किती काढशील?’ फ्लोअरचा पगार बेताचा, खरी कमाई पीटीच्या, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगच्या, टक्क्यांवर आणि जमले तर डब्यातली पावडर खपवण्यावर. मग मुले मालकाला हवे तेच लिहिणार. पुढच्या मुलाखतीला मालकांनी रिसेप्शनवरच्या पोराला आत बोलवावे आणि उमेदवाराला म्हणावे, याला स्क्वॉट शिकव. तो आधी गुडघ्याची चौकशी करतो की थेट बार खांद्यावर देतो, हे दोन मिनिटांत कळेल.