उत्तर कोणाचे, किल्ली कोणाकडे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देवगाव रंगारीच्या आसपासच्या एका गावी मी घरोघरी हिंडून एका पाहणीची प्रश्नावली भरून घेतली. पाहणी कोणाची होती, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आम्ही आठ मुले होतो. हातात कागद नव्हता, मोबाईल होता; आणि आठही जणांना मिळून एकच खाते व एकच पासवर्ड दिलेला होता. काम झपाट्याने झाले, यात शंका नाही.

एका मावशींनी चुलीपुढे बसून कर्जाचा आकडा सांगितला. कोणाकडून घेतले, कशासाठी घेतले, तेही सांगितले. "बाळा, हे घरातसुद्धा कोणाला ठाऊक नाही," असे त्या म्हणाल्या. "मावशी, नाव पुढे जात नाही, नुसते आकडे जातात," असे मी ठासून सांगितले. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोच आकडा माझ्या कानी आला. सांगणारा आमच्या आठांतलाच, मावशींच्या भावकीतला. त्याने चोरी केली असे मी म्हणणार नाही. तक्ता जसा माझ्या मोबाईलवर उघडत होता तसाच त्याच्याही. आणि खरे सांगायचे तर रात्री पडल्या पडल्या मीही इतरांनी भरलेली घरे वाचली होती.

प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि उत्तरे वाचण्याचा अधिकार या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे त्या दिवशी मला कळले. हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. मतदान केंद्रावरचा अधिकारी आपल्या बोटाला शाई लावतो. आपण मत कोणाला दिले हे त्याला कळत नाही, आणि त्यात त्याला आपला अपमानही वाटत नाही. पाहणीच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. कोबोटूलबॉक्समध्ये फॉर्म पाहणे, माहिती भरणे, भरलेली माहिती पाहणे, ती बदलणे, खोडणे, या प्रत्येकाची परवानगी वेगळी देता येते. ज्याने भरले त्याला फक्त स्वतःचेच भरलेले दिसावे, असेही करता येते. गूगल फॉर्म्समध्ये मात्र ज्याला संपादक केले त्याच्यापुढे सारी उत्तरे उघडी होतात. आणि आमच्यासारखे एकच खाते आठांत वाटले, तर कोणतेही सॉफ्टवेअर काय करणार? त्याच्या लेखी आम्ही आठ नव्हतोच.

सगळेच झाकून ठेवा, असे मात्र माझे म्हणणे नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी आपल्यापैकी पुष्कळांनी वडिलांच्या मोबाईलवर स्वतः केली असेल. तेथे शेतकऱ्यालाच नोंद करण्याचा अधिकार मिळाला. 2022 च्या सुधारित ॲपमध्ये 48 तासांत नोंद दुरुस्त करण्याची सोय आली, तलाठ्याकडे दहा टक्के नोंदींची पडताळणी आली, आणि गावातल्या इतरांच्या नोंदीही पाहता येऊ लागल्या. ते योग्यच. कपाशी आणि मका शिवारात उभा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. खोटी नोंद शेजाऱ्यालाच आधी खटकेल. कर्ज शिवारात उभे नसते.

आमचे काही प्राध्यापक म्हणतील, की एवढी कुलपे लावली तर प्रकल्प वेळेत पुरा कसा व्हायचा, आणि विद्यार्थ्यांवर हा अविश्वास कशाला? सर, अविश्वास नको, पण मोहही नको. विद्यार्थ्याला भरण्याची आणि स्वतःचे भरलेले दुरुस्त करण्याची परवानगी असावी. नावांची यादी एका तक्त्यात, उत्तरे दुसऱ्यात, दोहोंना जोडणारा क्रमांक मार्गदर्शकांपाशी. काम संपले की परवानग्या काढून घ्याव्यात. याला फार तर एक दुपार लागेल.

त्या मावशींच्या घरावरून परवा गेलो. त्यांनी पाहिले, पण हाक मारली नाही. त्यांची ओळ अजून त्या तक्त्यात आहे. पासवर्ड बदललेला नाही. काल रात्री मी उघडून पाहिले.