कोळशाचा पैसा कोणाचा?

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात ट्रकमधून सळया आणि पत्रे उतरविणाऱ्या माथाडी कामगाराला लेव्ही म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. 1969 च्या माथाडी कायद्यान्वये मालकाला मजुरीबरोबर लेव्हीही मंडळाकडे भरावी लागते. तीतून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार आणि औषधोपचार भागतो. हा पैसा कोणाचा, याविषयी संदिग्धता नाही. म्हणूनच तो बुडविणाऱ्याशी कामगार हक्काने भांडू शकतो.

याच कामगाराने आणखी एक कर अप्रत्यक्षपणे भरला. त्याचा हिशेब मात्र त्याला कोणी दिला नाही. 2010 मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला; 2016 मध्ये तो 400 रुपयांवर गेला. हवामान बिघडविणाऱ्या धुराची किंमत वसूल करण्याचे तत्त्व योग्यच होते. परंतु कोळसा महागला की वीज आणि लोखंड महागते, आणि तो भार अखेर सामान्यांच्या संसारावर येतो. 2010-11 ते 2017-18 या काळात सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. पैकी सुमारे 29,600 कोटी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे 15,900 कोटी, म्हणजे पाचव्या हिश्शाहूनही कमी! जुलै 2017 पासून टनामागचे तेच 400 रुपये राज्यांच्या वस्तू व सेवा कर भरपाईकडे वळविण्यात आले. सप्टेंबर 2025 मध्ये ती आकारणी संपली आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के झाला. पर्यावरणाचे नावही उरले नाही.

आता प्रश्न पुन्हा दारात आला आहे. जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाने आयात पोलादावर कार्बनची किंमत आकारण्यास आरंभ केला आहे. उत्पादक देशात अशी किंमत भरली असल्यास ती वजा होते. म्हणजे येथे कर लावला तर तो पैसा येथे राहील. पण कोणाच्या हाती?

तो प्रत्येक नागरिकाला समान वाट्याने परत द्यावा, हेच न्याय्य उत्तर आहे. श्रीमंताचा इंधनाचा आणि विजेचा वापर मोठा, म्हणून त्याचा भरणाही मोठा. वाटा समान असल्यास गरिबाला भरल्याहून अधिक मिळते. स्वित्झर्लंडमध्ये अशा कराचा सुमारे दोन तृतीयांश भाग नागरिक व उद्योगांना परत दिला जातो. जुन्या उपकराची माणशी रक्कम सातशे रुपयांच्या आसपासच भरली असती, हे खरे. पण प्रश्न रकमेइतकाच हक्काचा आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून ग्रामीण मजुराच्या रोजगार हमीला पैसा देण्याचा मार्ग याच राज्याने 1970 च्या दशकात घालून दिला. कार्यकर्त्यांनी हवामानाचा प्रश्न परिसंवादातून बाहेर काढून कळंबोलीच्या बाजारात न्यावा. धुराला किंमत हवीच; मात्र वाट्याची हमी कायद्यात लिहिल्याशिवाय नवा कर मान्य होता कामा नये.