धबधब्याचा बेत आणि लाल पेन

परवा पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक वेळापत्रक टाकलं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून देवकुंडला जायचं. देवकुंड म्हणजे रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळचा, जंगलातला धबधबा. ताम्हिणी घाट उतरून पाटणूसला जायचं, भिऱ्याच्या धरणाच्या कडेने रानात शिरायचं आणि दोन-अडीच तास चालायचं. माणसं एकोणीस. सर्वांत लहान सहा वर्षांची, सर्वांत मोठी माझी धाकटी भावजय, वय चौसष्ट. मला कोणी धरलंच नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं.

वेळापत्रक असं : पाचला निघणे, सातला नाश्ता (इडली-चटणी घरून), नऊला चालायला सुरुवात, साडेअकरा ते दोन धबधबा - 'फुल्ल धमाल!!!', साडेचारला गाडीपाशी चहा-भजी, नऊला घरी. टी-शर्टचा रंग ठरलेला. फोटो कोण काढणार ते ठरलेलं. मिनीबसवाल्याला तीन हजार आगाऊ गेलेले. खाली एकामागून एक अंगठे.

मी अंगठा दिला नाही. त्यावरून घरात थोडं वाजलं. "काका, तुम्ही नेहमी नाटच लावता" इथपर्यंत गाडी आली. गटावर मोठं काही लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. नेहमीचे ब्लॉगर मित्र वाचतीलच, नातेवाईक निदान भिडेखातर वाचतील.

वेळापत्रकाचा मी कागदावर उतारा केला आणि सवयीने लाल पेन घेऊन बसलो. त्यात 'पाऊस' हा शब्द एकदाच आला आहे. कुठे? तर 'पावसात भिजायला जास्तीचा एक ड्रेस' या ओळीत! म्हणजे पाऊस ही जणू मिनीबससारखी आपण ठरवलेली सोय, नळ सोडावा तशी येणार आणि आपलं भिजून झालं की थांबणार.

ताम्हिणीचा पाऊस कसा असतो ते सांगतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते आठवत असेल. त्या वेळी, २५ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत, ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुण्याला वर्षभरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो. म्हणजे आपला जवळजवळ सगळा पावसाळा तिथे एका दिवसात कोसळला.

आणि तो पाऊस कुठे पडतो? आपण खाली कुंडापाशी इडली खात असतो. पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो. तो आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. खाली ऊनसुद्धा असेल. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं पीत नाही, वरची माती पावसाळ्यात आधीच भिजून तृप्त झालेली असते, त्यामुळे वर पडलेलं सगळं उतारावरून धावत ओढ्यात येतं. घोट्याएवढं पाणी कमरेला यायला काही मिनिटं पुरतात. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की समजावं. पण समजेपर्यंत आपण ओढ्याच्या कोणत्या काठावर आहोत हे महत्त्वाचं, कारण देवकुंडच्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. जाताना ओलांडलेला ओढा येताना तोच असेल याची हमी नाही. वेळापत्रकात मात्र जायला अडीच तास आणि यायला अडीच तास. सहा वर्षांची मुलगी दमलेली, भावजयीचे गुडघे बोलायला लागलेले, वाट चिखलाची, आणि वेळ तेवढाच! इथे मी लाल रेघ मारली.

पुतण्याचं पहिलं उत्तर : "काका, सगळेच जातात." हे उत्तर मी वर्गात तीस वर्षं ऐकलेलं आहे.

दुसरं उत्तर : "गावातला वाटाड्या घेऊ की." घ्याच. पाटणूस-भिऱ्याकडच्या पोरांना ते रान जेवढं कळतं तेवढं मोबाइलमधल्या नकाशाला कळत नाही. पण वाटाड्या "आज परत फिरा" म्हणाला तर ऐकणार का? एकोणीस जण, एक रंगाचे टी-शर्ट, बसचे पैसे भरलेले, आणि वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा ज्याची दिवसाची मिळकत आपल्या हातात. त्याला नाही म्हणायला आपणच अवघड करून ठेवतो.

तिसरं उत्तर मला सर्वांत झोंबलं. "बंदी असली तर बघू, दुसरीकडून वाट काढू."

दर पावसाळ्यात अशा जागांवर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी येते. पूर्वी १४४ कलम म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १६३ कलम म्हणतात. सरसकट बंदी मलाही आवडत नाही. गावातल्या पोरांचा पावसाळ्याचा रोजगार त्यात बुडतो, आणि ज्यांना जायचंच असतं ते पहाटे आडवाटेने, वाटाड्याशिवाय जातात. शिक्षेचं तर बोलायलाच नको. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला बंदी मोडून निघालेल्यांना गोव्याच्या हद्दीत, कुळे स्टेशनाजवळ, पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. उठाबशा काढून शहाणा झालेला विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही. पण बंदी का आणावी लागते? तर 'आज नको' हे म्हणणारं आपल्यात कोणी उरलेलं नसतं म्हणून. बेत करणारे आपण, आणि बेत मोडायचं काम मात्र कलेक्टरनी करायचं!

भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. ओढ्याच्या मध्यावर खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. आमच्या गटावरही तो व्हिडिओ आला होता आणि त्याखाली 'आजकालच्या लोकांना अक्कलच नाही' असं तिघा-चौघांनी लिहिलं होतं. त्यातल्या दोघांचे अंगठे आता या वेळापत्रकाखाली आहेत. ती माणसं मूर्ख नव्हती. ती आपल्यासारखीच रविवारी सकाळी डबे भरून निघालेली होती.

आणि 'आजकालचे' हा शब्द तर मला वापरताच येत नाही. का, ते घरातही कोणाला ठाऊक नाही. हिलाही आजच कळेल.

सन १९८४. मी नववीचा वर्गशिक्षक. ऑगस्टमध्ये आमच्या गावापासून वीसेक मैलांवरच्या एका धबधब्यावर सहल काढली. एकेचाळीस मुलं, दरडोई आठ रुपये, एस.टी. प्रासंगिक करारावर घेतलेली. आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस. सकाळी शाळेच्या फाटकात एक पालक छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "गुरुजी, पुढच्या रविवारी नेलं तर?" मी काय उत्तर दिलं असेल? म्हणालो, "अहो, करार रद्द केला तर पैसे कापतील." एवढंच. पाऊस, ओढा, मुलं, यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात तीनशे अठ्ठावीस रुपये होते आणि सहल रद्द झाली तर मुलं काय म्हणतील हे होतं.

जाताना ओढा गुडघ्याच्या खाली होता. येताना मुलांची साखळी केली. चौतीस मुलं पार झाली. पस्तिसाव्याचा हात सुटला. बारीक चणीचा, पुढच्या बाकावर बसणारा मुलगा. तो वाहून निघालेला मी पाहिला आणि खरं सांगतो, मी जागचा हललो नाही. पायच उचलले नाहीत. खालच्या वळणावर एक गुराखी कांबळं पांघरून बसला होता. त्याने हातातली काठी पुढे केली, मुलाने ती धरली. बस्स, इतकंच घडलं. उरलेली सहा मुलं आणि मी अडीच तास पलीकडच्या काठावर बसून राहिलो. त्या गुराख्याचं नाव विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

शाळेत आल्यावर मी मुलांना सांगितलं, घरी बोलू नका. हे त्याहून वाईट. मुलं बोलली नाहीत. पुढच्या वर्षी सहलप्रमुख म्हणून पुन्हा माझंच नाव आलं आणि सगळ्यांना वाटलं मी आळशी आहे म्हणून नकार दिला.

असो. तर मी नाट लावत नाही. वेळापत्रक दुरुस्त करून देतो. देवकुंडला नोव्हेंबरात जाऊ, दिवाळीनंतर. पाणी तेव्हाही असतं, उलट गढूळपणा जाऊन निवळ झालेलं असतं, आणि वाट दिसते. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं, त्याला घाटावरून मुळशीचं पाणी येतं. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच हे मुळशी. मुलांना जाताना मी ते सांगेन, कारण तेव्हा मीही येणार आहे, धरणापर्यंत तरी. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, रानात त्याआधीच अंधारतं. म्हणून हिशोब उलटा मांडायचा : चारला सगळे गाडीपाशी, म्हणून एकला कुंडापासून उठायचं, मग साडेअकराला पोचलेले असोत वा साडेबाराला. एकपर्यंत पोचलोच नाही तर असू तिथून मागे. आदल्या दिवशी पाटणूसला फोन. वाटाड्या नको म्हणाला तर नाही, त्याचे पैसे मात्र पूर्ण द्यायचे. कुंडात कोणी उतरायचं नाही. ते खोल आहे, नोव्हेंबरातही खोलच आहे. आणि 'आज परत' म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, त्याच्याशी वाद घालायचा नाही. माझ्या मते तो अधिकार भावजयीला द्यावा. तिच्यापुढे कोणाची टाप नाही.

मिनीबसवाला तीन हजार परत देतो का, ते पुतण्या आज विचारणार आहे. नाही दिले तर मी देईन, पेन्शन एक तारखेला जमा झाली आहे.

ता. क. - भावजयीचा आत्ताच फोन येऊन गेला. अधिकार मान्य आहे म्हणाली, पण इडल्या तीन तास टिकत नाहीत, दशम्या करू.