मंत्री सभागृहात म्हणतात ‘हे खरे नाही’, आपली तक्रार मात्र कागदावर नसते

अधिवेशन सुरू झालं की मोबाइलवर क्लिपा फिरायला लागतात. आमदार तावातावाने विचारतात, मंत्री उठून उत्तर देतात, बाकं वाजतात. गृह आणि परिवहन या दोन खात्यांवर तर प्रत्येक अधिवेशनात प्रश्नांचा पाऊस असतो. ते साहजिक आहे. पोलीस ठाणे आणि एसटी स्टँड या दोन ठिकाणी गावातल्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी जावंच लागतं. सध्या गृह खातं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे आहे आणि ग्रामीण भागासाठी पंकज भोयर गृह राज्यमंत्री आहेत. परिवहन खातं प्रताप सरनाईक यांच्याकडे आहे.

क्लिप बघून आपण आमदाराला शाबासकी देतो नाहीतर मंत्र्याला शिव्या घालतो. पण त्या उत्तराचा कच्चा माल आपल्याच तालुक्यातून जातो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून हे उत्तर बनतं कसं ते आधी बघू.

प्रश्न मुंबईत, उत्तर आगारात

सभागृहाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना असते. उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागता येते.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक गावाची एसटी बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही ठरलेली. ‘होय’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि शेवटी बहुतेक वेळा ‘प्रश्न उद्भवत नाही’.

हा प्रश्न विधान भवनातून मंत्रालयात जातो, तिथून एसटीच्या मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयात, मग विभाग नियंत्रकाकडे आणि शेवटी आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर. ऑफिसात म्हणतात, ‘एलएक्यू आलंय, आजच्या आज माहिती द्या.’ पोलिसांचा प्रश्न असला तर महासंचालक कार्यालय, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि मग आपलं ठाणं. म्हणजे तक्रार ज्याच्या कामाबद्दल आहे, खुलासाही तोच लिहितो. तोच कागद पायऱ्या चढत वर जातो आणि मंत्री तो वाचतात.

यात मंत्री खोटं बोलतात असं म्हणायचं नाही. राज्यात एसटीची सुमारे अडीचशे आगारं आहेत. कोणत्या गावची मुक्कामी गाडी बंद पडली हे मंत्र्याला माहीत असणं शक्य नाही. आगारवालाही दर वेळी लबाडी करतो असं नाही. त्याच्याकडे गाड्या कमी, त्यातल्या कितीतरी जुन्या, चालक-वाहक अपुरे. पण कागदावर जे असतं तेच तो लिहितो. तक्रारवहीत एकही ओळ नसेल, ग्रामपंचायतीचं पत्र नसेल, तर ‘तक्रार प्राप्त नाही’ हे वाक्य त्याला सरळ लिहिता येतं. ते वाक्य मंत्रालयात पोहोचेपर्यंत ‘हे खरे नाही’ होतं.

एसटी : भारमानाचं चक्र

एसटीच्या उत्तरात एक शब्द हमखास येतो, भारमान. ‘भारमान कमी असल्याने सदर फेरी बंद करण्यात आली.’ ऐकायला बरोबर वाटतं. रिकामी गाडी कोण चालवणार? महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर आहे. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढही झाली.

पण भारमान कमी का झालं, हे त्या उत्तरात नसतं. सकाळची गाडी आधी अर्धा तास उशिरा येते. मग आठवड्यातून दोन दिवस येतच नाही. कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली माणसं किती दिवस वाट बघणार? ती ॲपे रिक्षात नाहीतर काळी-पिवळीत बसतात. मग एसटी रिकामी धावते, भारमान पडतं आणि फेरी बंद होते. गाडी बेभरवशाची झाली म्हणून माणसं गेली. कागदावर मात्र माणसं गेली म्हणून गाडी बंद झाली.

याचा मार बसतो मुलींना. पाचवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेत जायला अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास आहे. बाकी विद्यार्थ्यांना पासावर ६६.६६ टक्के सवलत आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. सभागृहात या सवलतींचे आकडे अभिमानाने सांगितले जातात आणि योजना चांगल्याच आहेत. पण गाडीच आली नाही तर खिशातल्या पासाचा काय उपयोग? दहावीनंतर पोरीचं नाव काढून घेताना बाप ‘शिकवायचं नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जायला गाडी कुठंय?’

आमदाराने इथं विचारायला हवं ते असं : या मार्गावर गेल्या सहा महिन्यांत ठरलेल्या फेऱ्या किती होत्या, त्यातल्या सुटल्या किती, रद्द झाल्या किती आणि कशामुळे? या प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ म्हणून सुटता येत नाही, आकडा द्यावाच लागतो. आणि तो आकडा आपल्यालाही काढता येतो. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आगाराकडे रद्द फेऱ्यांची नोंद मागायची. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

पोलीस : न नोंदलेली चोरी घडलेलीच नसते

गृह खात्याच्या उत्तरात मागच्या वर्षीपेक्षा गुन्हे इतके कमी, उकल इतके टक्के, असे आकडे येतात. हे आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. आपल्याकडे विहिरीवरची मोटार जाते, केबल कापून नेतात, स्टार्टर, ठिबकचं सामान, खळ्यावरच्या सोयाबीनच्या गोण्या जातात. यातल्या किती चोऱ्यांची फिर्याद होते? निम्मे शेतकरी ‘कुठं ठाण्याच्या चकरा मारायच्या’ म्हणून जात नाहीत. जे जातात त्यांच्यातल्या कित्येकांचा साधा अर्ज घेतला जातो. अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. त्यामुळे अधिवेशनात शेतातल्या चोऱ्यांवर प्रश्न आला तर उत्तरात आपल्या तालुक्यासमोर लहानसा आकडा असतो.

यात नव्या कायद्यातली एक बाब शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. त्यानुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे एनसी होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून फिर्याद देताना नुसतं ‘केबल गेली’ असं सांगू नये. केबल किती फूट, मोटार किती एचपीची, स्टार्टर, पाइप, सगळ्याची किंमत धरून खरी बेरीज सांगावी आणि बिलं असतील तर जोडावीत.

दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच माहिती लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. गुन्हा दाखल झाल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दोन खात्यांच्या मधली जागा

काही प्रश्न दोन खात्यांच्या बांधावर पडतात. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, गावाकडे निघालेल्या तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला. बस आणि स्थानक परिवहनचं, गुन्हा गृह खात्याचा. त्यानंतर आगारातल्या भंगार गाड्या हटवा, सुरक्षा तपासा असे आदेश निघाले. आता आपल्या तालुक्याच्या स्टँडवर रात्री नऊनंतर दिवे किती चालू असतात, सुरक्षारक्षक आहे का, हे कुणीही जाऊन बघू शकतं.

उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचंही असंच आहे. मागे रिफ्लेक्टर नाही, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, रात्रीचा रस्ता. वाहन तपासणं आरटीओच्या वायुवेग पथकाचं काम, म्हणजे परिवहन. महामार्ग पोलीस गृह खात्याचे. रस्त्याचा खड्डा सार्वजनिक बांधकामचा. परिवहन मंत्र्याला विचारलं तर ‘सदर बाब अन्य विभागाशी संबंधित आहे’ हे उत्तर ठरलेलं. मरणारा मात्र एकच असतो. अशा वेळी एकाच खात्यावर प्रश्न टाकून भागत नाही. आमदाराने दोन्ही खात्यांकडे वेगवेगळे प्रश्न लावायला हवेत.

उत्तराला धार कधी येते?

आपल्या बीड जिल्ह्याने हे बघितलंय. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. आठवडाभरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. दोन्ही बाजूंच्या आमदारांनी विषय लावून धरला आणि २० डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी सभागृहात विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि पोलीस अधीक्षकांची बदली जाहीर केली. तिथं ‘माहिती घेतो’ म्हणून वेळ मारून नेता आली नाही. घटना तारखेनिशी समोर होती, गाव रस्त्यावर होतं आणि विचारणारे एकाच पक्षाचे नव्हते.

प्रत्येक प्रश्नाला एवढा रेटा मिळणार नाही, आणि त्यासाठी कुणाचा जीव जावा लागू नये. पण त्यातली एक गोष्ट साध्या प्रश्नालाही लागू आहे. तारीख, ठिकाण आणि कागद हातात असला की उत्तर मोघम देता येत नाही.

आश्वासन मोजायचं कसं?

‘सकारात्मक विचार करू’ आणि ‘एक महिन्यात गाडी सुरू करू’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं आश्वासन आहे. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. सभागृहाला खोटी माहिती दिल्याचं दिसलं तर आमदार हक्कभंगही आणू शकतो. पण खोटं ठरवायला पुरावा गावातूनच जायला हवा.

म्हणून गाडी आली नाही तर त्या दिवशीच स्टँडवरच्या तक्रारवहीत तारीख-वेळ टाकून लिहा. पोरांनी पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ग्रामसभेत ठराव घ्या, एक प्रत आगाराला आणि एक आमदाराला द्या, पोच सही-शिक्क्यासह घ्या. जुलै २०२४ पासून एसटीने ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक आगारात येऊन तक्रारी ऐकतात. आपल्या आगारात तो कधी आहे ते विचारून घ्या आणि लेखी तक्रार घेऊनच जा.

जिल्ह्याला विधानसभेचे सहा आमदार आहेत. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या वेबसाइटवर मराठीतच मिळतात. आपल्या आमदाराने आपल्या तालुक्याचं काय विचारलं आणि काय उत्तर आलं, ते काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. उत्तरात ‘तक्रार प्राप्त नाही’ लिहिलेलं असेल आणि आपल्याकडे पोच असेल, तर पुढच्या अधिवेशनात विचारायचा प्रश्न तयारच आहे.