रस्ता मागू, पण ठराव आपल्या ग्रामसभेचा



जंगलातल्या कुठल्याही गावात बैठक घ्या, बोलणं फिरून दोन गोष्टींवर येतं. एक जमिनीचा पट्टा, दुसरा रस्ता. आणि त्यावरून आपल्यातच दोन मतं पडली आहेत. काही जण म्हणतात, पट्ट्याचं नंतर बघू, आधी रस्ता करा, बाई अडली की झोळीत घालून किती कोस न्यायचं? दुसरे म्हणतात, रस्ता नकोच. रस्त्यामागं ठेकेदार येतो, सावकार येतो आणि जमीन जाते. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच हे लिहीत आहोत.

आम्ही परभणीजवळच्या पिंगळीत राहतो. इथं काळी जमीन आहे, रेल्वेचं ठेसन आहे, जंगल नाही. इथं रस्ता अडला तर पैशावरून अडतो, नाहीतर पुढाऱ्याच्या मर्जीवरून. जंगलगावात मात्र मंजूर झालेला रस्तासुद्धा वनहद्दीच्या खांबाशी येऊन थांबतो. का थांबला विचारलं तर एकच उत्तर, "फॉरेस्टची परवानगी नाही." या एका वाक्यावर वर्षानुवर्षं निघून जातात. अक्राणीत, मेळघाटात, भामरागडात आजारी माणूस झोळीत निघतो तो याच वाक्यामुळं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा तर तालुकाच तुटतो, मग आतल्या पाड्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

आता कायदा काय म्हणतो ते नीट बघू. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) आहे. त्यात 13 कामं दिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, तळं, पिण्याचं पाणी आणि रस्तासुद्धा. या कामांना वनजमीन देता येते. अटी दोन आहेत. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागली पाहिजे आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभेची शिफारस पाहिजे. परवानगी देण्याचा अधिकार उपवनसंरक्षकांना, म्हणजे डीएफओंना आहे. त्यासाठी दिल्लीला फाईल जायची गरज नाही.

एक हेक्टर म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. दहा हजार चौरस मीटर. चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर जवळजवळ अडीच किलोमीटर होतो. कितीतरी पाड्यांना जंगलातून एवढाच तुकडा कमी पडतो. लांबचा रस्ता असेल तर 1980 च्या वनसंरक्षण कायद्याची मोठी वाट धरावी लागते, हे खरं. पण छोट्या तुकड्यालाही "दिल्लीहून मंजुरी येऊ द्या" असं कुणी म्हणालं तर त्यांना कलम 3(2) दाखवा आणि लेखी उत्तर मागा.

आता दुसऱ्या बाजूच्या साथींची भीती घेऊ. रस्ता आला की जमीन जाते, हे आपल्या आज्यापणज्यांनी भोगलं आहे. दारूच्या बाटलीवर, दोन पोती धान्यावर शेतं गेली. म्हणून तर राज्याला 1974 मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. महसूल कायद्याच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. वनहक्काचा पट्टा तर विकताच येत नाही. तो वारसानं चालतो आणि लग्न झालेलं असेल तर नवराबायको दोघांच्या नावावर निघतो. बायांनो, पट्ट्यावर तुमचं नाव आहे का ते वाचून घ्या. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा.

पण ज्याच्या हातात पट्टाच नाही, त्याला हे संरक्षण कुठून मिळणार? त्याची जमीन कागदावर "अतिक्रमण" आहे. 2019 च्या 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचं सांगितलं होतं. देशभर ओरड झाली, तेव्हा 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पंधरा दिवसांत लाखो घरांच्या पोटात गोळा आला होता. म्हणून रस्ता आधी की पट्टा आधी, हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. दोन्ही एकाच ग्रामसभेत मागायचे, आणि तिसरा सामूहिक वनहक्कही त्यांच्यासोबत मागायचा.

तिसरा का? कारण रस्त्यावरून काय जाणार आणि कुणाच्या पावतीनं जाणार, हे त्यावर ठरतं. पूर्वीच्या नियमात गौण वनउपज डोक्यावरून, सायकलवरून, नाहीतर हातगाडीवरून न्यायची मुभा होती. 2012 मध्ये नियम बदलला. आता योग्य त्या वाहनानं नेता येते आणि वाहतूक पास ग्रामसभेची समिती देते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीच्या पासासाठी त्यांना नंतरही भांडावं लागलं. 2011 मध्ये पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हक्क आणि पास गावाकडं असेल तर त्याच रस्त्यानं आपला मोह, चारोळी, डिंक, बांबू बाजारात जातो आणि भाव आपण बोलतो. नसेल तर त्याच रस्त्यानं व्यापाऱ्याचा टेम्पो आत येतो आणि भाव तो बोलतो.

आणखी एक. मराठवाड्यात किनवटचा भाग सोडला तर अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळं "तुमच्याकडं पेसा लागू नाही, मग वनहक्क कसला?" असं ऐकवलं जातं. हे खोटं आहे. वनहक्क कायद्याला पेसाची अट नाही. वनजमीन जिथं आहे तिथं तो लागू आहे.

तर पुढच्या ग्रामसभेत एवढं करा. पाड्याची वेगळी ग्रामसभा घेता येते, ती घ्या. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. नाहीतर ठराव पुढं टिकत नाही. रस्ता कुठून कुठं, रुंदी किती, झाडं किती, हे स्वतः मोजून ठरावात लिहा. राहिलेले वैयक्तिक दावे आणि सामूहिक दावा त्याच दिवशी घ्या. दावा फेटाळला असेल तर कारणासह लेखी मागा. तोंडी "रिजेक्ट झालं" हे ऐकून घरी येऊ नका. ग्रामसभेच्या निर्णयावर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडं अपील करता येतं. उपविभागीय समितीनं नाकारलं तर पुढं जिल्हा समिती आहे. प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि एक प्रत गावात ठेवा.

झोळी आपल्याला नको आहे. पण झोळी सुटावी म्हणून जंगल आणि जमीन ठेकेदाराच्या हवाली करायलाही आम्ही तयार नाही. रस्ता येईल तो आपल्या मोजमापानं, आपल्या ठरावानं आला पाहिजे.

जोहार.