वारा आपला, पाणी कुणाचे?

हरित हायड्रोजनचा विषय शिरूर कासारमध्ये काढला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग सिलिंडर स्वस्त होणार का?" नाही. आपल्या घरातला सिलिंडर एलपीजीचा. नैसर्गिक वायू ही वेगळी चीज. तो आपल्या गावात येतो तो युरियाच्या गोणीतून.

अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढतात. त्यात हवेतला नायट्रोजन मिळाला की अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया. या रीतीने एक किलो हायड्रोजन काढताना साधारण 9 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशाला लागणारा जवळपास निम्मा वायू परदेशातून येतो, त्यातला बराचसा कतारहून जहाजाने. 45 किलोची गोणी आपल्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण वरचा खर्च सरकार भरते. आखातात तणाव वाढला की तो खर्चही वाढतो.

हरित हायड्रोजन म्हणजे वाऱ्याच्या किंवा उन्हाच्या विजेने पाणी फोडून काढलेला. राज्याने 2023 मध्ये त्यासाठी 8,562 कोटींचे धोरण मंजूर केले. जुलै 2025 च्या लिलावात ओडिशातील पारादीपच्या खत कारखान्यासाठी हरित अमोनियाचा दर किलोला 55 रुपये 75 पैसे निघाला. (युरियाला कार्बनही लागतो, म्हणून तिथे हा बदल अवघड, डीएपीला अमोनिया लागतो, पण कार्बन लागत नाही.)

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताहेत, ऊनही भरपूर. एका किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज लागते, म्हणजे असल्या विजेला गिऱ्हाईक वाढणार. पाणी मात्र किलोमागे किमान 9 लिटर, शुद्धीकरण धरले तर आणखी जास्त. शेतीच्या मानाने हे थोडे आहे, हे खरे. पण उन्हाळ्यात जिथे हंडे टँकरची वाट पाहतात, तिथे सिंदफणेचे पाणी कारखान्याला देऊ नये, असे आम्हाला स्पष्ट वाटते. वीज तारेवरून कोकणात जाऊ शकते. समुद्राचे पाणी गोडे करून हायड्रोजन तिथेच काढावा.

मग आपल्या पदरात काय? जमिनीचे भाडे आणि देखभालीची कामे. पवनचक्की उभारताना बाहेरची माणसे येतात. नंतर वर्षानुवर्षे ती सांभाळायला इलेक्ट्रिशियन, फिटर लागतात. दरवर्षी कोयते घेऊन जाणाऱ्या घरांतली मुले-मुली आयटीआयला गेली, तर ही कामे त्यांना मिळू शकतात. मुलींनाही पाठवा, इलेक्ट्रिशियनचे काम त्यांना जमत नाही असे काही नाही.

भाडेकरार आला तर सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या. भाडे दर किती वर्षांनी वाढणार, रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे वेगळे मिळणार का, मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार, हे कागदावर हवे. आणि अब्बांच्या जमिनीत बहिणींचा हिस्सा असतो. सातबाऱ्यावर त्यांची नावे लावलेली नसतील तर आधी ती लावा. भाड्याची रक्कम त्यांच्याही खात्यात जायला हवी.